टेप कुठे ठेवलास?

भायखळा,
रविवार, दुपार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू हसत विचारलंस, "आई, झाडांना मोजायचा टेप लावून तुम्हा बायकांना मिळतं काय?" नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी झाली आणि उत्तर राहिलं. आता तू स्वतःच बंगळूरला बागांचे नकाशे काढतेस, तेव्हा म्हटलं, सवडीने लिहूनच पाठवावं.

तुझ्या लहानपणी राणीची बाग म्हणजे पाणघोडा. आता शेजारच्या नातवंडांची राणीची बाग म्हणजे पेंग्विन. मी तरी काय वेगळी होते? सारा जन्म या बागेपासून दहा मिनिटांवर काढला, पण वर मान करून झाडं कधी पाहिली नाहीत. खरं तर ही मुळात झाडांचीच बाग. 1862 च्या नोव्हेंबरात लेडी फ्रिअरच्या हस्ते ती उघडली. त्याआधी ती चालवणाऱ्या संस्थेची बाग शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी घेतली गेली आणि बाग इकडे आली. पुढे 1873 साली ती महापालिकेकडे गेली. म्हणजे बागेची जागा दुसऱ्या कामाला घेणं हे मुंबईला तेव्हापासून ठाऊक आहे.

2007 ची गोष्ट तुला आठवायची नाही, तेव्हा तू दहावीच्या क्लासमध्ये बुडालेली होतीस. 433 कोटींचा आराखडा आला, बागेचं आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय करायचं म्हणून. प्राण्यांना मोठे पिंजरे हवेत हे कोण नाकारील? पण त्या कागदावर झाडं म्हणजे मोकळी जागा. तेव्हा काही बायका एकत्र आल्या. त्यांनी नुसत्या घोषणा दिल्या नाहीत. त्या वही घेऊन बागेत फिरल्या आणि एकेका झाडाला नावानिशी कागदावर आणलं. तीन हजारांच्या वर झाडं! पाठपुरावा, बैठका, अर्ज यांत वर्षं गेली. वारसा समितीपुढेही गाडं अडलं आणि तो मूळ आराखडा काही उभा राहिला नाही. 2012 मध्ये बागेला दीडशे वर्षं झाली तेव्हा त्यांनी पुस्तकही काढलं. मी त्यांच्यातली नव्हे हं. मी फार नंतरची, आमच्या बिल्डिंगमधल्या सहा जणींबरोबर रविवारी सकाळी बागेत जाणारी, शेपटाकडची.

पण त्यांची ती वही मला पटली. "इथे बरीच झाडं आहेत" म्हटलं की समोरचा म्हणतो, "दुसरीकडे लावू." "इथे गोरखचिंच आहे, आफ्रिकेतून आलेली, बुंध्याला आपण चौघी हात धरून उभ्या राहिलो तरी वेढा पुरत नाही" म्हटलं की त्याला थांबावं लागतं. गोरखचिंचेचं फूल रात्री उमलतं, वटवाघळं येतात त्यावर. आपल्याला सकाळी खाली पडलेली पांढरी फुलंच दिसतात, तीही झाडूवाली येण्याआधी पोचलो तर.

आमचं काम फार थोर नाही. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजायचा, मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहायचा, खिळे दिसले तर लिहून ठेवायचे. शाळेची मुलं आली तर त्यांना चार झाडं दाखवायची. कैलासपती दाखवला की मुलं गप्प होतात, कारण फुलं थेट खोडातून येतात आणि आत नागाच्या फणीखाली पिंड असल्यासारखं दिसतं. नाव इतकं आपलं, पण झाड दक्षिण अमेरिकेतलं, हे ऐकून बरोबरच्या बाईच जास्त हिरमुसतात.

एकदा माझी चांगली फजिती झाली. सरळसोट उंच, लोंबत्या पानांचं झाड दाखवून मी मुलांना ठणकावून सांगितलं, हा अशोक, याच्याखाली सीता बसली होती. मागे पाणी घालणारे माळीकाका होते. ते म्हणाले, "ताई, हा आसुपालव. सीतेचा अशोक बुटका, केशरी फुलांचा." पन्नास मुलांसमोर! तेव्हापासून काकांना विचारल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. त्यांनीच मला पुत्रंजीवी दाखवली. तिच्या बियांची माळ मूल जगावं म्हणून त्याच्या गळ्यात घालत. तुझ्या आजीने तुला घातली होती, आणि मी ती जुनाट म्हणून काढून टाकली होती.

आता तुझ्या धंद्याचं. नावाची पाटी लावायची तर खिळा नको, स्प्रिंगच्या तारेने बांधा. झाड जाड होतं तशी स्प्रिंग ताणते, साल कापत नाही. आणि बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आणू नका गं. दुसऱ्या एका बागेत (नाव घेत नाही) सुशोभीकरणात आळं बुजवून कट्टा बांधला. लोकांना बसायला छान झालं, पण दोन पावसाळ्यांत झाड शेंड्याकडून वाळायला लागलं. नकाशावर तुम्ही झाडासाठी जो हिरवा गोल काढता, तो बुंध्याचा असतो की मुळांचा? आम्ही मोजतो ते बुंध्याचं, हे मला मान्य आहे. मुळांचं माप घेणं आम्हाला जमत नाही. तुला जमत असेल तर शिकव.

2021 च्या दुरुस्तीनंतर आपल्या राज्यात शहरांतलं पन्नास वर्षांवरचं झाड कायद्याने वारसा वृक्ष ठरतं. तेव्हा आमच्या वहीला थोडं वजन आलंय असं वाटतं. नाही आलं तरी रविवारी जातोच.

बाबांचे गुडघे बरे आहेत. ते गेटजवळच्या बाकावर पेपर वाचत बसतात आणि आम्ही आकडे ओरडलो की लिहून घेतात. आठाचा आकडा त्यांचा शून्यासारखा येतो, त्यामुळे मागच्या वेळी एक चिंच ऐंशी सेंटीमीटर बारीक झाली.

सुट्टी घेशील तेव्हा बुधवार सोडून ये, बुधवारी बाग बंद असते. आणि तुझा कॉलेजातला तो पिवळा, लांब टेप कुठल्या खणात आहे तेवढं कळव. शिवणाच्या टेपने गोरखचिंच मोजता येत नाही.

तुझी,
आई