तासभर कशाला लागतो

सांगली,
रविवार, रात्री

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू फोन आपटलास. मोबाईल आपटता येत नाही म्हणे, पण आवाज तसाच आला. "बाबा, तुम्ही ब्लड बँकेत आहात की तलाठी ऑफिसात?" हे आमच्या शिपाईमामांनीही ऐकलं आणि ते अजून हसताहेत. तेव्हा समोर काम होतं, बोलता आलं नाही. म्हणून लिहितोय.

तुझ्या मैत्रिणीचे काका. हिमोग्लोबिन सहा, सकाळी ऑपरेशन, दोन पिशव्या हव्यात. त्यांच्या ग्रुपच्या नऊ पिशव्या फ्रीजमध्ये आहेत हे मीच तुला सांगून बसलो, तिथं चुकलं. "मग द्या की दोन काढून!" मी म्हटलं, सॅम्पल आणि फॉर्म येऊ दे, त्यानंतर तासभर लागेल.

आता त्या तासाचा हिशेब. सॅम्पल आलं की ट्यूबवरचं नाव, वॉर्ड, नोंदणी नंबर फॉर्मशी ताडून बघायचा. एक आकडा इकडचा तिकडं दिसला की सॅम्पल परत. मग ग्रुप, तोही दोन बाजूंनी: एकदा पेशंटच्या पेशींवरून, एकदा त्याच्या सीरमवरून, म्हणजे पेशी बाजूला काढल्यावर उरणाऱ्या पाण्यासारख्या भागावरून. दोन्हींचं उत्तर एकच आलं तर पुढं जायचं. ओ वाटलेला माणूस क्वचित बॉम्बे ग्रुपचा निघतो. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे यांनी तो शोधला, म्हणून हे नाव. त्याला ओ रक्तही चालत नाही, आणि नुसत्या पेशी बघून तो ओळखूही येत नाही. सीरम चुगली करतं. मला सव्वीस वर्षांत असा एकच भेटला.

त्यानंतर क्रॉसमॅच, म्हणजे हीच पिशवी याच पेशंटला चालेल का ते बघणं. पिशवीतल्या पेशी आणि पेशंटचं सीरम जेल कार्डात, म्हणजे जेल भरलेल्या बारीक नळ्यांच्या कार्डात, घालून ३७ डिग्रीला पंधरा मिनिटं ठेवतो, मग दहा मिनिटं मशीनमध्ये फिरवतो. कार्ड बाहेर काढायचं, चष्मा कपाळावर सारायचा आणि ट्यूबलाइटसमोर धरायचं. जुळलं असेल तर पेशी तळाशी जाऊन बसतात, कुंकवाचं बारीक बोट टेकवावं तेवढा ठिपका. जुळलं नसेल तर वरच अडकून राहतात. जीव जातोय अशी वेळ असती तर डॉक्टरांच्या सहीवर क्रॉसमॅच न करताही ओ ग्रुपची पिशवी दिली असती, तशी सोय आहे. पण वॉर्डातल्या सिस्टरना मी विचारलं होतं. काका उशाला टेकून मोबाईलवर बातम्या बघत होते.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस. मी नवीन होतो, दुसऱ्या ठिकाणी होतो, रात्रपाळीला एकटा. बाळंतपणाच्या वॉर्डातून सॅम्पल आलं, ट्यूबवर नुसतं 'पाटील'. आपल्या सांगलीत वॉर्डाच्या दारात उभं राहून पाटील अशी हाक मारली तर अर्ध्या खाटा उठून बसतील. परत पाठवायला हवं होतं, पण बाहेर नातेवाईक काच ठोकत होते, म्हणून घेतलं. ग्रुप आला ए. रजिस्टर उघडलं तर त्याच बाईंना दोन महिन्यांपूर्वी एक पिशवी दिलेली, ग्रुप ओ. पुन्हा केलं, पुन्हा ए. जुनी नोंदच चुकीची असणार, असं मी मनाशी ठरवूनसुद्धा टाकलं होतं. ए ची पिशवी हातात होती, मुक्ता. फ्रीजमधली असल्यानं गार, ओली.

काय वाटलं कोण जाणे, पिशवी परत ठेवली आणि जिना चढून वर गेलो. सिस्टर माझ्यावर ओरडल्या. बाईंना नाव विचारलं, पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, आणि स्वतःसमोर नवीन रक्त काढून घेतलं. ग्रुप ओ. आधीचं सॅम्पल शेजारच्या खाटेवरच्या पाटलीणबाईंचं होतं. ओ वाल्या बाईला ए रक्त चढलं असतं तर पिशवी संपायच्या आत किडन्या धोक्यात, पुढचं तू समजून घे. तिच्या दिराला यातलं काही कळलं नाही. 'अर्धा तास फुकट घालवला' म्हणून त्यानं जाताना मला दोन शब्द ऐकवले.

आणि नऊ पिशव्या म्हणजे तुला डोंगर वाटला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीन उरल्या होत्या. एक अपघात, एक अवघड बाळंतीण, आणि थॅलेसेमियाची दोन पोरं, त्यांच्या अंगात रक्त नीट बनत नाही, ती तर दर दोन-तीन आठवड्यांनी ठरलेली. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला एका दिवसात तीनशे पिशव्या येतात, फ्रीजमध्ये हात घालायला जागा नसते. साध्या पिशवीतलं रक्त टिकतं ३५ दिवस. मग मे महिना येतो, कॉलेजं बंद, ऊन हे असं, आणि आम्ही जुन्या डोनरची वही काढून एकेकाला फोन लावत बसतो. सगळे पुढारी एकाच महिन्यात जन्मले नाहीत, तेवढंच नशीब. प्लेटलेटचं तर बोलूच नकोस. पाच दिवस टिकतात. गेल्या डेंग्यूच्या सिझनला एकानं सहा सांगून ठेवल्या आणि फिरकलाच नाही. टाकून देताना रजिस्टरवर कारण लिहावं लागतं.

काकांच्या दोन्ही पिशव्या पावणेएकला वर गेल्या. ऑपरेशन नीट झालं. सकाळी तुझ्या मैत्रिणीचे वडील खाली येऊन मला चहा पाजून गेले, दोन वेळा.

तू कॉलेजच्या रक्तदान कॅम्पला गेलीस आणि हिमोग्लोबिन ११.२ भरलं म्हणून तिथल्या बाईंनी परत पाठवलं, हे आईकडून कळलं. मला का नाही सांगितलंस? साडेबारा लागतं, त्यांनी बरोबर केलं. आईनं आळिवाचे लाडू केलेत, उद्याच्या गाडीनं पाठवतोय. होस्टेलभर वाटून टाकू नकोस. आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नकोस, त्यानं अंगाला लोह लागत नाही.

तुझा,
बाबा