कुंपणाची भिंत आणि अंगणाच्या कामाबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

पाऊस ओसरला आहे. मागची कुंपणाची भिंत आणि पार्किंगची फरसबंदी आता हाती घ्यायची आहे. फोंडा परिसरातला चांगला गवंडी किंवा कंत्राटदार माहीत असल्यास रविवारपर्यंत कळवा. निदान तीन कोटेशन्स हवीत, तीही लेखी. "बघून घेऊ, साहेब" हे कोटेशन नव्हे.

गेल्या वेळी फरसबंदीचा उतार इमारतीकडे गेला आणि पहिल्याच पावसात पार्किंगचं तळं झालं, हे कोणी विसरलं नसेल. म्हणून यंदा उतार गटाराकडेच, आणि दोरी-लेव्हल लावून आपल्यासमोर. भिंतीमागे माती आहे, तेव्हा पाणी निघायला भोकं ठेवायला सांगायचं. नाहीतर भिजलेली माती भिंतच ढकलते. भिंतीचे जांभ्या दगडाचे चिरे ताजे कापलेले असतील तर मऊ असतात, हवेवर घट्ट होतात. थोडे आधी आणून ठेवलेले बरे.

काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारायचं. मजूर तिसऱ्या दिवशी विसरतात, म्हणून पाळी लावली आहे; तळमजल्यावरच्यांनी कृपया नळी द्यावी. माडांच्या बुंध्याभोवती काँक्रीट नको, माती मोकळी राहू द्या.

आगाऊ रक्कम थोडीच देऊ, बाकी कामाच्या टप्प्यांप्रमाणे. घरातलं वैयक्तिक काम त्याच माणसाकडून करून घ्यायचं असल्यास हिशेब वेगळा ठेवा. सोसायटीच्या वाळूवर हात नको.

– सचिव