अस्मितास, मलावीच्या पत्त्यावर

नाशिक रोड,
रविवार, सकाळ

चि. अस्मिता हिस,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

तुला ताप येऊन गेल्याचे मला संदेशकडून कळले, आणि तेही बोलता बोलता त्याच्या तोंडून निसटले म्हणून. आईला तू नुसता थकवा आहे असे सांगितलेस. तिने ते खरे मानले, किंवा मानल्यासारखे दाखवले. रक्त तपासले का, मलेरियाच निघाला का, गोळ्या शेवटपर्यंत घेतल्यास का, एवढे तीन प्रश्न येथेच विचारून टाकतो आणि पुढे पत्रभर त्या विषयाला हात लावत नाही. मच्छरदाणीच्या कडा मात्र गादीखाली नीट खोचत जा.

परवा फोनवर तू विचारलेस की रोजगार हमी योजनेत, म्हणजे आमच्या रोहयोत, गरीब कोण हे तुम्ही कसे ठरवत होता. आवाज तुटत होता म्हणून मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खरे उत्तर असे की ते आम्ही ठरवतच नव्हतो. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांची योजना राज्यभर लागू झाली, 1977 साली कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला, आणि मी पेठ-सुरगाण्याकडे रुजू झालो तेव्हा तो अगदी नवाकोरा होता. खेड्यातल्या कोणाही प्रौढाने काम मागावे, शासनाने ते पंधरा दिवसांत द्यावे, नाही दिले तर बेकार भत्ता द्यावा, इतके त्याचे सार. भर उन्हात खडी फोडायला जो येईल तो गरजू. उत्पन्नाचा दाखला नको आणि घराचे छप्परही कोणी बघायचे नाही.

तुझ्याकडे नेमके उलटे आहे. मलावी सरकारची रोख मदतीची योजना 2006 साली म्चिंजी जिल्ह्यात सुरू झाली ती ठिकठिकाणच्या सर्वांत गरीब दहा टक्के घरांसाठी, आणि त्यातही ज्या घरात राबणारा हात नाही अशा घरांसाठी. हेतूबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या योजनेचे तेच तर दुखणे होते, कारण म्हातारा, अपंग, ओली बाळंतीण किंवा क्षयाने अंथरुणाला खिळलेला माणूस खडी कशी फोडणार? अशांसाठी 1980 साली संजय गांधी निराधार योजना आली, तेव्हा दाखले आणि याद्या सुरू झाल्या, आणि तू आज जे पाहते आहेस ते आम्हीही पाहिले. पण जागतिक बँकेच्या 2025 पर्यंतच्या, रोजच्या 2.15 डॉलरच्या रेषेने ज्या देशातली दहांपैकी सात माणसे गरीब ठरत होती, तिथे दहा टक्क्यांची यादी करणे म्हणजे सारख्याच उपाशी असलेल्या दोन शेजाऱ्यांत एकाला निवडणे. ती यादी गावापुढे वाचायला जी मुलगी उभी राहते तिची झोप उडणारच. तुझ्या थकव्याचे निम्मे कारण मी हेच धरतो. उरलेले निम्मे डास.

पेठ तालुक्यात एका पाझर तलावावर मातीकाम चालू होते. मजुरी मापावर असे. ज्याने त्याने आपली चौकडी खणायची आणि आम्ही टेप लावून घनमाप काढायचे. एका बाईचे माप कमी भरले. तिचे मूल झाडाला बांधलेल्या झोळीत झोपले होते. ती काही न बोलता खड्ड्यात उतरली, मदतनिसाच्या हातातले टेपचे टोक घेऊन तळाच्या कोपऱ्यात, जिथली माती तिने शेवटी ओढून काढली होती, तिथे अंगठ्याने दाबून धरले आणि वर पाहून म्हणाली, "आता वाचा, साहेब." चार बोटे जास्त भरली. मी आकडा तसा लिहिला. तिने आभार मानले नाहीत, याचे मला तेव्हाही बरे वाटले होते. तुमच्या वाटपात ते टेपचे टोक कोणाच्या हाती आहे, हे मला तुझ्याकडून जाणून घ्यायचे आहे.

पहिल्या नोकरीत तू पगारपत्रकावर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापलेले पाहून चिडली होतीस. तो व्यवसाय कर 1975 साली रोहयोला पैसा उभा करण्यासाठीच बसवला होता. शहरातल्या पगारदाराने तो भरायचा आणि शासनाने त्यात तेवढीच भर घालायची. मुंबईच्या कारकुनाच्या पैशातून सुरगाण्यात बांध पडला आणि कारकुनाला त्याची खबरही नव्हती, मग उपकाराची भाषा येणार कुठून? श्रीमंत देशांनी आपल्या उत्पन्नाच्या 0.7 टक्के रक्कम गरीब देशांना द्यावी, असा ठराव संयुक्त राष्ट्रांत 1970 साली झाला. तो आकडा गाठणारे देश आजही बोटांवर मोजण्याइतके आहेत, कारण ती रक्कम कोणाच्या पगारातून हुकमी कापली जात नाही, मर्जीवर दिली जाते. मर्जी फिरली की तुमच्यासारख्यांची कार्यालये बंद होतात आणि औषधांची खोकी... असो. आई चष्म्यावरून बघते आहे. तिच्या मते हे पत्र नसून भाषण आहे. रागावू नकोस.

आबांचे तू ऐकलेले आहेस, तरी लिहितो. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते आणि घरात एक वेळची भाकरी होती. दादासाहेब गायकवाडांच्या माणसांबरोबर ते पंचवटीत गेले म्हणून माझ्या आजीने चूल पेटवली नव्हती. देवळात जाऊन पोट भरणार आहे का, असे ती म्हणे. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगड आले, त्यातला एक त्यांच्या भुवईवर बसला. तो व्रण तू लहानपणी बोटाने चाचपायचीस. त्याच दादासाहेबांनी 1964 साली भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून सत्याग्रह पुकारला, तेव्हाही आबा गेलेच. लहानपणी मला आबांचा अभिमान वाटे आणि आजीचा राग अडाणीपणाचा वाटे. तू सामान घेऊन विमानतळाच्या दारातून आत गेलीस त्या रात्री तो राग मला पुरता कळला.

मच्छरदाणीचा विषय काढणार नव्हतो, पण तो तुझ्याच कामाचा आहे. फुकट दिलेली वस्तू माणूस वापरत नाही, असे येथे आपल्या सोसायटीतही बोलतात. जेसिका कोहेन आणि पास्कलीन द्युपा यांनी केनियात गरोदर स्त्रियांच्या बाबतीत हे तपासले. मच्छरदाणीला थोडीशी किंमत लावताच घेणाऱ्या स्त्रिया फार कमी झाल्या, आणि जिला ती फुकट मिळाली तिने विकत घेणारीइतकीच वापरली. त्यांचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. पगारदार पदवीधर मुलगी ती वापरते का, हे अजून कोणी तपासलेले नाही. पुन्हा अंग मोडून आले तर संदेशला नव्हे, मला फोन कर, मग कितीही वाजलेले असोत.

भावाने घरावर पत्रे टाकून दिले म्हणून यादीतून गेलेल्या त्या विधवेचे पुढे काय झाले? नाव का वगळले ते तिला लेखी मिळाले पाहिजे, तिच्या भाषेत मिळाले पाहिजे, आणि ते कारण खोडून काढायला तिला एक ठरलेला दिवस व ठरलेला माणूस मिळाला पाहिजे. तुझ्या साहेबांनी नियमात तशी तरतूद नाही असे म्हटले, तर नियमांची प्रत मला पाठव. मी नीट वाचून कळवतो.

तुझा,
बाबा