डिस्चार्ज कार्डावर लीकची लक्षणं मराठीत लिहून द्या

संपादक महोदय, स.न.वि.वि.

रेक्टमच्या (गुदद्वाराच्या वरचा, मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग) कॅन्सरमध्ये गाठीचा भाग काढून आतड्याची दोन टोकं स्टेपलरने जोडतात आणि हा जोड कधीकधी गळतो, त्यालाच लीक म्हणतात. साधारण दहातल्या एकाला असं होतं, जोड जितका खाली तितका धोका जास्त, आधी रेडिएशन झालेलं असेल किंवा पेशंट सिगारेट ओढणारा असेल तर अजून वाढतो. म्हणजे लीक झाला की सर्जनने चूकच केली असं नसतं. पण हे आधी कुणी बसवून सांगत नाही हो, फॉर्मवर सही घेतात आणि झालं.

माझे सासरे हेच ऑपरेशन होऊन घरी आल्यावर त्यांना बारीक ताप, नाडी ११० च्या वर, पोट फुगलेलं, सारखं शौचाला लागल्यासारखं वाटायचं पण व्हायचं काही नाही. जवळचे डॉक्टर म्हणाले व्हायरल असेल, पॅरासिटामोल द्या. सासूबाईंनीच हट्ट धरला की जिथे ऑपरेशन झालं तिथेच न्यायचं, सीटी स्कॅन केला तर जोडाच्या मागे पू साठलेला. ऑपरेशनच्या वेळीच जोडाच्या वरचं आतडं पोटावर बाहेर काढून शौचासाठी तात्पुरती पिशवी लावलेली होती म्हणून शौच त्या जोडावरून जातच नव्हतं, त्यामुळे सलाइनमधून अँटिबायोटिक्स आणि पू काढायला बाहेरून घातलेली नळी एवढ्यावर भागलं, पोट परत उघडावं लागलं नाही.

आपल्याकडे 'काही करा पण पिशवी नको' म्हणून लोक सर्जनच्या मागे लागतात. पिशवीचा त्रास आहेच, कातडी सोलवटते, अंगातलं पाणी कमी होतं, पण २००७ साली स्वीडनचा एक अभ्यास आला त्यात पिशवी असलेल्यांमध्ये त्रास देणारा लीक १० टक्के आणि नसलेल्यांमध्ये २८ टक्के निघाला. आणि बहुतेकांची ती काही महिन्यांत बंद करतात.

सर्जन मंडळींना कळकळीची विनंती, ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्तातला सीआरपी (शरीरात सूज किंवा इन्फेक्शन असलं की वाढणारा घटक) १५० च्या वर असेल तर कारण शोधल्याशिवाय घरी सोडू नका. आणि डिस्चार्ज कार्डावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहा की ताप, धडधड, वाढती पोटदुखी, पोट फुगणं, खालून पू यातलं काहीही झालं तर थेट आमच्याकडेच या, आणि सोबत रात्री-अपरात्रीसुद्धा उचलला जाईल असा फोन नंबर द्या.

– एक वाचक, सातारा