लोजबानमधला ‘मऽ’ नेमका कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कृत्रिम भाषांवरचा लेख वाचला. लोजबान या भाषेवर मराठी वर्तमानपत्रात कुणी चार परिच्छेद लिहिले, याचा मला मनापासून आनंद झाला. त्यातलं एक विधान मात्र दुरुस्त व्हायला हवं. लोजबानमध्ये कुठलंही वाक्य संदिग्ध राहूच शकत नाही, असं लेखात ठामपणे म्हटलं आहे. तसं नाही. आणि जिथे ते तसं नाही, तो भाग माझ्या रोजच्या कामाच्या इतका जवळचा आहे की लिहिल्यावाचून राहवत नाही.

मी वाईत एकोणतीस वर्षं दस्त लिहिते. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, वाटणीपत्र. २०२० च्या टाळेबंदीत काम ठप्प होतं, तेव्हा माझ्या भाचीने लोजबान शिकायला घेतली आणि फोनवर मलाही शिकवली. ‘मावशी, या भाषेत वाक्य मशीनसुद्धा एकाच रीतीने उलगडतं,’ हे तिचं वाक्य ऐकून मी वही काढली.

तिचं म्हणणं बरोबर आहे, आणि लेखाची गल्लत इथेच झाली आहे. ‘जुनी विहीर व मोटर’ असं मी खरेदीखतात लिहिलं, तर मोटरही जुनी का? मराठीत दोन्ही अर्थ निघतात. लोजबानमध्ये ‘जुनी’ कुठवर पोचते ते वाक्याच्या बांधणीतच ठरतं, दुसरा अर्थ काढायला जागाच राहत नाही. जेम्स कुक ब्राउन यांनी १९५५ मध्ये लोग्लान भाषेचं काम सुरू केलं आणि तिच्यातूनच पुढे लोजबान आली. १९८७ पासून लॉजिकल लँग्वेज ग्रुपने ती वाढवली. बांधणीच्या या शिस्तीसाठी या मंडळींनी जे कष्ट घेतले, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ‘तो’ म्हणजे कोण, हा प्रश्न बांधणीचा नाही.

लोजबानमध्ये ‘तो’, ‘ती’ असं लिंगावरून ओळखता येणारं सर्वनाम नाही. त्याऐवजी एक सोय अशी की अक्षराचं नावच सर्वनाम म्हणून वापरायचं. व्यंजनांची नावं ऐकायला अगदी आपली वाटतात: बऽ, दऽ, गऽ, मऽ, सऽ. पहिलीत पाटीवर ‘म’ गिरवताना आपण जसा उच्चार करायचो, जवळजवळ तसाच. कुत्र्याला शब्द ‘गेर्कु’, म्हणून पुढच्या वाक्यात त्याला ‘गऽ’ म्हणायचं. मांजर ‘म्लातु’, उंदीर ‘स्माशु’. मांजराने उंदीर पाहिला असं एकदा सांगून झालं की पुढे ‘मऽ’ पळालं आणि ‘सऽ’ बिळात गेलं, असं सुटसुटीत बोलता येतं. मराठीत ‘ते पळालं’ म्हटल्यावर मांजरच, कारण उंदीर ‘तो’. आपलं काम लिंग करतं, त्यांचं आद्याक्षर.

आता हे वाक्य पाहा. ‘ले मामता शु विस्का ले मेन्सि. इ मऽ सिप्ना.’ मामता म्हणजे आई, मेन्सि म्हणजे बहीण, विस्का म्हणजे पाहणं, सिप्ना म्हणजे झोपणं. आई बहिणीला पाहते. ‘मऽ’ झोपते. कोण झोपते?

त्या अक्षराने सुरू होणारं सगळ्यात शेवटी आलेलं नाम धरायचं, असा सर्वसाधारण समज आहे. त्या हिशोबाने बहीण झोपते. पण बोलणाऱ्याच्या मनात आई असेल, तर व्याकरण त्याला अडवत नाही. वाक्य शुद्ध आहे, मशीन ते बिनतक्रार उलगडेल, ऐकणारा मात्र आईला झोपवेल किंवा बहिणीला. नामाला विशेषण लागलं की आणखी पंचाईत. ‘ब्लाबि गेर्कु’ म्हणजे पांढरा कुत्रा. त्याला पुढे ‘बऽ’ म्हणायचं की ‘गऽ’? की दोन्ही जोडून ‘बऽगऽ’?

जोडून म्हणायची मुभा आहे, आणि त्या मुभेतून दुसरी अडचण उभी राहते. मला ती जास्त महत्त्वाची वाटते. गाय ‘बाक्नि’, बहीण ‘मेन्सि’, देणं ‘दुन्दा’, आणि मी म्हणजे ‘मि’. मला म्हणायचंय की मी गाय बहिणीला देते. मी म्हटलं, ‘मि दुन्दा बऽ मऽ’. याचा अर्थ ‘मी गाय बहिणीला देते’ असा होतच नाही. लागोपाठ आलेली अक्षरं मिळून एकच सर्वनाम होतं, तेव्हा याचा अर्थ ‘मी “बऽमऽ” नावाची कुणी एक गोष्ट देते’, आणि कुणाला देते ते अध्याहृत. मध्ये थांबून, श्वास घेऊन बोललं तरी फरक पडत नाही. दोन अक्षरं वेगळी करायची तर मध्ये ‘बोइ’ हा शब्द घालावाच लागतो: ‘मि दुन्दा बऽ बोइ मऽ’. आता गाय ती गाय आणि बहीण ती बहीण. बक्षीसपत्रात हा ‘बोइ’ घालायचा राहून गेला, तर बहिणीच्या हाती काही लागणार नाही. (खुद्द अक्षराबद्दलच बोलायचं असेल, म्हणजे ‘ब हे व्यंजन आहे’ असं, तर अक्षराआधी ‘मेहो’ लावतात. तो न लावता नुसतं ‘बऽ’ म्हटलं तर व्यंजन कोण, तर गाय.)

हे मला इतकं का भिडलं ते सांगते. काही वर्षांपूर्वी दोन चुलतभाऊ माझ्याकडे वडिलांच्या वेळचं वाटणीपत्र घेऊन आले. घडीवर विरलेला, पिवळा पडलेला कागद. ज्यांनी तो लिहिला ते आज हयात नाहीत. विहीर सामाईक ठेवलेली. सुरुवातीला त्यांच्या वडिलांची, म्हणजे दोघा सख्ख्या भावांची, नावं पूर्ण लिहिली होती, पुढे जागा वाचवायला नुसतं ‘श्री. द.’ दोन्ही भावांची नावं ‘द’वरूनच सुरू होणारी. आणि पाण्याच्या पाळीच्या कलमात वाक्य असं: ‘सदर विहिरीचे पाणी श्री. द. यांनी आठवड्यातून चार दिवस व उर्वरित दिवस दुसऱ्यांनी घ्यावे.’ चार दिवस कोणाचे आणि तीन कोणाचे? थोरले दोघं होते तोवर त्यांना ठाऊक होतं. ते गेल्यावर मुलांना कागदच काय तो उरला. ऐन उन्हाळ्यात, ऊस वाळत असताना, एका गुरुवारी दोघांनीही मोटर आपलीच म्हणून चालू करायला धरली, आणि त्यानंतर दोन घरांतलं बोलणं बंद झालं.

त्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. मी ते त्यांच्यासमोर तीनदा मोठ्याने वाचलं. कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी. फक्त ‘द’ कोण ते कागदाला माहीत नव्हतं.

आमच्या धंद्यात यावरचा तोडगा जुना आहे. ‘(यापुढे ज्यांचा उल्लेख “लिहून देणार” असा करण्यात येईल)’ असं प्रत्येक पक्षाच्या नावापुढे कंस टाकून लिहायचं, आणि मग शेवटच्या सहीपर्यंत तोच शब्द पाळायचा. लोक या भाषेला रुक्ष म्हणतात. मला ती कधी रुक्ष वाटली नाही. पुढच्या पिढीच्या भांडणाची जागा आधीच बुजवणारी भाषा आहे ती. लोजबानमध्ये मला हाच कंस सापडला, तेव्हा मी वहीत त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या. शब्द आहे ‘गोइ’. ‘ले मामता गोइ कोहा’ म्हणजे आई, जिचा उल्लेख यापुढे ‘कोहा’ असा होईल. कोहा, कोहे, कोहि अशी दहा सर्वनामं खास नेमणुकीसाठी राखून ठेवली आहेत. अक्षरालाही गोइ लावता येतं, मग ‘मऽ’ म्हणजे आईच, मध्ये कितीही बहिणी येवोत. सगळ्या नेमणुका एकदम पुसायच्या असतील तर ‘दाहो’ म्हणायचं. दस्त लिहिणाऱ्या माणसाला ही भाषा परकी वाटूच शकत नाही.

पण गोइ लावायचं की नाही हे बोलणाऱ्यावर सोडलेलं आहे, आणि म्हणून लेखातलं ते विधान टिकत नाही. वाक्याची बांधणी एकच निघेल एवढी हमी लोजबान देते. कोणाबद्दल बोललं जातंय याची हमी ती देत नाही, आणि तिच्या व्याकरणानेही तसा दावा केलेला नाही. आपल्या लेखकांनी हा फरक पुसून टाकला, त्यामुळे वाचणाऱ्या मुलांना वाटेल की काळजी भाषा घेईल, आपण काहीही बोलावं. माझी भाचीही पहिले तीन महिने तसंच समजत होती.

त्या दोन चुलतभावांचं पुढे चूकदुरुस्ती पत्र केलं. गावातल्या एका म्हाताऱ्या पाटकऱ्याला कोणत्या वारी कोणाचं पाणी सुटायचं ते आठवत होतं, त्यावरून दिवस ठरले. या वेळी मी प्रत्येक कलमात पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि वार लिहिला. सोमवार ते गुरुवार हे, शुक्रवार ते रविवार ते. कागद दीड पान वाढला.

आपण या विषयावर पुढचा लेख छापणार असाल, तर त्यात ‘मि दुन्दा बऽ मऽ’ आणि ‘मि दुन्दा बऽ बोइ मऽ’ ही दोन वाक्यं एकाखाली एक जरूर छापावीत, ही विनंती.

आपली,
एक दस्तलेखिका,
वाई, जि. सातारा