नववीत किती मुलं होती तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी दहावीचा रिझल्ट लागला की दुसऱ्या दिवशी आपल्या पेपरात दोन बातम्या हमखास असतात, एक शंभर टक्के निकाल लावणाऱ्या शाळांची यादी आणि दुसरी महापालिकेच्या शाळांचा निकाल किती टक्क्यांनी वाढला किंवा घसरला याची. घसरला असेल तर हेडिंग मोठं असतं. मी मुंबईत महापालिकेच्या माध्यमिक शाळेत गणित शिकवत रिटायर झाले, नोकरीतली बहुतेक वर्षं दहावीच्या वर्गावरच गेली, आणि या दोन बातम्या शेजारी शेजारी छापल्या की वाचणारा काय समजतो ते मी पालकांच्याच तोंडून ऐकलंय. पालिकेच्या शाळेतून मुलाला काढून, व्याजाने पैसे घेऊन, शंभर टक्केवाल्या शाळेत घालणारे आईबाप मी बघितलेत. म्हणून हे पत्र, थोडं लांबेल, पण जमलं तर पूर्ण छापा.

आधी टक्क्यांचं बघू. २०१८ ला राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता आणि २०१९ ला एकदम ७७.१० वर आला, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवत असेल. मुंबई महापालिकेच्या शाळा तर त्या वर्षी ५३ टक्क्यांच्या आसपास अडकल्या. पालिकेच्या शाळा बंद करा इथपर्यंत लोक बोलत होते. आणि पुढच्याच वर्षी, २०२० ला, त्याच शाळा ९३ टक्क्यांच्या वर गेल्या. एका वर्षात चाळीस टक्क्यांची उडी! शिक्षक तेच, वर्ग तेच, वस्त्या त्याच, मुलंही त्याच घरांतली. मग बदललं काय तर परीक्षा बदलली. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले अंतर्गत २० गुण काढून टाकले होते, निकाल पडल्यावर ओरड झाली आणि ते परत दिले. त्यात २०२० ला भूगोलाचा पेपर कोरोनामुळे झालाच नाही, बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून त्याचे मार्क दिले गेले. २०२१ ला तर लेखी परीक्षाच रद्द झाली आणि राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के.

हे आकडे मी मुद्दाम मांडतेय. २० गुणांचा हिशोब सोपा आहे. शंभरात ३५ ला पास, त्यातले १८-१९ शाळेनेच तोंडी परीक्षेत, वहीत, प्रकल्पात दिले की मुलाला ८० मार्कांच्या पेपरात १६-१७ मिळवायचे राहतात. पालिका काय, अनुदानित काय, खाजगी काय, अंतर्गत गुण सगळीकडे सढळ हाताने दिले जातात, हे या क्षेत्रातला कोणीही सांगेल. ते २० गुण नसावेत असं माझं म्हणणं नाही, तोंडी परीक्षा हवीच, पेपरात अडकणारं मूल तोंडी छान सांगतं कितीदा तरी. पण टक्का वर गेला म्हणजे मुलं जास्त शिकली आणि खाली आला म्हणजे शाळा बिघडली, असं सरळ गणित नाहीये हे निदान बातमी लिहिणाऱ्याला माहीत पाहिजे ना. २०२४ ला राज्याचा निकाल ९५.८१ होता, २०२५ ला ९४.१०, लगेच निकाल घसरला म्हणून सगळीकडे हेडिंग. पावणेदोन टक्क्यांवरून कुठल्या शाळेत काय घडलं ते कोणालाच कळत नाही.

आता शंभर टक्क्यांकडे येते, खरं तर हे सांगायलाच पत्र लिहायला घेतलं.

शाळेचा निकाल म्हणजे त्या शाळेतून नियमित विद्यार्थी म्हणून दहावीला जेवढे बसले त्यातले किती पास झाले. जे बसलेच नाहीत ते त्यात येत नाहीत. आठवीपर्यंत बरीच वर्षं कोणाला नापास करता येत नव्हतं, त्यामुळे गाळायची जागा झाली नववी. कच्च्या मुलाला नववीत ठेवायचं, पालकांना बोलवायचं, आणि सांगायचं की हा काही दहावी काढत नाही, तुम्ही एक तर दाखला घेऊन जा नाही तर १७ नंबरचा फॉर्म भरा. १७ नंबर म्हणजे बाहेरून बसायचं, खाजगी विद्यार्थी म्हणून. बोर्ड या मुलांचा निकाल वेगळा मोजतं आणि तो नियमित मुलांपेक्षा नेहमीच बराच खाली असतो. शाळेच्या नावावर मात्र त्याचा डाग पडत नाही. १७ नंबरचा फॉर्म ही मुळात चांगली सोय आहे, शाळा सुटलेल्या, लग्न झालेल्या, कामाला लागलेल्या माणसाला परत दहावी देता यावी म्हणून ती आहे. चौदा-पंधरा वर्षांचं शाळेत रोज येणारं पोर बाहेर काढायला ती नाही. ज्याला सगळ्यात जास्त शिकवायची गरज आहे त्यालाच वर्गाबाहेर बसवायचं आणि मग गेटवर शंभर टक्क्यांचा बॅनर लावायचा, याचा मला आजही संताप येतो.

ही मुलं जातात कुठे? बरीचशी कुठेच जात नाहीत, कामाला लागतात. आणि उरलेली दाखला घेऊन पालिकेच्या शाळेत येतात कारण आम्ही नाही म्हणत नाही, म्हणायचंही नसतं. माझ्या वर्गात एक मुलगी अशीच जून संपता संपता आली होती, आधीची शाळा नावाजलेली. अपूर्णांकांची वजाबाकी येत नव्हती, इतकी वर्षं कोणी थांबून शिकवलीच नव्हती, पाढे मात्र तीसपर्यंत घडाघडा पाठ. तिला स्वतःला पक्कं वाटायला लागलं होतं की आपण ढ आहोत. सकाळी शाळेआधी चार-पाच मुलांना घेऊन बसायचे त्यात तिलाही बसवलं. मार्चला गणितात राहिली, जुलैच्या फेरपरीक्षेत सुटली. आज ती नर्सिंगचं काम करते. आता हिचा हिशोब आपल्या पेपरातल्या आकड्यात कसा लागला बघा. आधीच्या शाळेचा निकाल ती गेल्यामुळे वर राहिला, आमच्या शाळेचा मार्चचा निकाल ती आल्यामुळे खाली आला, आणि जुलैत पास झाली ते कोणत्याच बातमीत नाही. २०१५ पासून ही फेरपरीक्षा निकालानंतर लगेच घेऊ लागले, मुलांचं वर्ष वाचायला लागलं, फार चांगलं झालं. पण फेरपरीक्षेचा शाळानिहाय निकाल कुठल्या पेपरात छापून आलेला मी तरी पाहिला नाही.

याचा अर्थ पालिकेच्या शाळांना जाब विचारू नका असा अजिबात नाही. विचाराच, आणि कडक विचारा. नववीत येणाऱ्या कितीतरी मुलांना भागाकार येत नाही, मराठीतला उतारा वाचून उत्तर लिहिता येत नाही, हे मी रोज बघितलंय आणि त्याची जबाबदारी खालच्या वर्गांपासून सगळ्यांची आहे. गणित-विज्ञानाच्या जागा रिकाम्या ठेवून चालतात तेही विचारा. जानेवारीत दहावीची सराव परीक्षा तोंडावर असताना शिक्षक सर्वेक्षणाला नाही तर निवडणुकीच्या कामाला का पाठवता हे विचारा, २०२४ च्या जानेवारीतलं मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण आठवून बघा. पण आठ-आठ माध्यमांच्या शाळा, वर्षाच्या मध्येच गावाला जाऊन येणारी मुलं, गोवंडी-मालवणीसारख्या वस्त्यांत एका खोलीत सहा जण राहणारी घरं, घरात धाकट्या भावंडांना सांभाळून शाळेत येणाऱ्या मुली, आणि दुसऱ्यांनी काढून टाकलेली पोरं, या सगळ्यांना घेऊन चालणारी शाळा आणि नववीतच चाळणी लावणारी शाळा यांना एकाच यादीत वरखाली लावू नका.

माझी आपल्याला एकच विनंती आहे आणि ती करता येण्यासारखी आहे. निकालाच्या टक्क्याशेजारी हे पण छापा की दोन वर्षांपूर्वी त्या शाळेत नववीला किती मुलं होती, त्यातली किती दहावीला नियमित म्हणून बसली, दाखला घेऊन किती गेली, १७ नंबरवर किती गेली, आणि जुलैनंतर एकूण किती पास झाली. ही माहिती मिळत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. राज्य सरकारच्या सरल पोर्टलवर २०१५ पासून मुलांची नोंद आहे, केंद्राच्या यू-डायस या शाळांच्या नोंदीतही आहे, मूल एका शाळेतून दुसऱ्या शाळेत गेलं की ते ऑनलाइनच ट्रान्सफर करावं लागतं. म्हणजे कोणती शाळा नववीत किती मुलं सोडते हे शिक्षण खात्याला कॉम्प्युटरवर दिसतं. फक्त ते कोणी मागत नाही.

पालकांनाही सांगणं आहे, ॲडमिशनला जाल तेव्हा निकाल किती टक्के हे विचारण्याआधी नववीची पटसंख्या आणि दहावीची पटसंख्या विचारा, आणि उत्तर टाळलं तर काय समजायचं ते समजा. आपल्या वार्ताहरांनी निदान आपल्या शहरातल्या शंभर टक्केवाल्या शाळांपासून सुरुवात करावी, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला तरी चालेल, येत्या निकालाच्या आत आकडे हातात येतील. ज्या शाळेने एकही मूल न सोडता शंभर टक्के निकाल लावला असेल तिचं नाव पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापा, पालिकेची असो की खाजगी, मला मनापासून आनंद होईल.

आपली,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षिका, मुंबई