मुंबई-न्यूयॉर्क साडेसहा तास नाही, सोळा तास!

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात परदेशी विमानांची माहिती आली, त्यात मुंबईहून रात्री १ ला निघालेलं विमान सकाळी ७:३० ला न्यूयॉर्कला उतरते एवढंच छापलं होतं अन् खाली नकाशावर एक सरळ रेघ. आमच्या गावात पारावर लगेच वजाबाकी झाली, साडेसहा तास! म्हणजे यवतमाळहून नागपूरला एसटीनं जाऊन परत यायला लागते तेवढाच वेळ.

हीच वजाबाकी एप्रिलमध्ये आम्हाला भोवली म्हणून लिहून राहिलो. पोरीच्या बाळंतपणासाठी आमची मंडळी एकटीच गेली, तिला शुगर आहे, तिकीट काढून देणारा म्हणे साडेसहा तासांचं काम आहे काकू, रात्रीची गोळी घेऊन बसा, सकाळची पोरीकडे घ्या. आम्ही भरवसा ठेवला, गोळ्या मोठ्या बॅगेत टाकल्या अन् ती बॅग काउंटरवरच जमा झाली. मग सोळा तास गोळ्यांशिवाय. पाय सुजले, उतरली तेव्हा चक्कर येत होती. इकडे मी सकाळी साडेसातपासून फोन लावून राहिलो, लागतच नव्हता, संध्याकाळी पाचनंतर पोरीचा फोन आला की आई आत्ता उतरली. तो दिवस कसा गेला ते माझं मलाच माहीत.

साहेब, ते ७:३० तिथल्या घड्याळाचे असतात हे कोणीतरी लिहायला पाहिजे ना. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे राहते, हिवाळ्यात साडेदहा, कारण ते लोक वर्षातून दोनदा घड्याळ सरकवतात. अंतर जवळपास १२,५०० किलोमीटर, विमान तासाला ९०० च्या आसपास जाते, म्हणजे नुसत्या भागाकारानंच चौदा तास होतात. वरून २०२५ च्या एप्रिलपासून पाकिस्तानचं आकाश आपल्या विमानांना बंद, तो फेरा वेगळा. अन् उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहते, जाताना तो तोंडावर येते, येताना पाठीवर, म्हणून परतीला वेळ कमी लागते.

ती सरळ रेघ पण चुकीची आहे. ती अरबस्तान अन् आफ्रिकेवरून काढली, पण शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते न्यूयॉर्क सुतळी ताणून पाहा, ती वर रशियाकडून, आइसलँडजवळून, ग्रीनलंडच्या टोकाशी जाते. सगळ्यात जवळचा रस्ता तोच, चपट्या कागदावर तो वाकडा दिसते एवढंच. मी झेडपीच्या शाळेत जाऊन स्वतः ताणून पाहिली, मास्तर साक्षीला होते.

तर कळकळीची विनंती, पुढच्या वेळी निघायच्या-पोहोचायच्या वेळेबरोबर ती कुठल्या गावची वेळ अन् हवेत एकूण तास किती, हे छापा. आता खेड्याखेड्यातून म्हातारी माणसं एकटी जाऊन राहिली, त्यांचं औषध, जेवण, घेणाऱ्याला बोलवायची वेळ, सगळं त्या आकड्यावर राहते.

आमच्या मंडळीचं परतीचं तिकीट सप्टेंबरचं आहे, तिथून सकाळी ११ ला निघून दुसऱ्या दिवशी साडेअकराला मुंबई. वजाबाकीनं साडेचोवीस येतात, खरे पंधरा. या वेळी गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेव म्हणून पोरीला दोनदा सांगितलं.

आपला,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ